पूजेत मांडलेला घोडा

बसा मंडळी, सावकाश बसा. ज्यांना भिंतीला टेकावं लागतं त्यांनी मागं जा, ज्यांना पाय पसरावे लागतात त्यांनी कडेला या. लाजू नका! देवीच्या दारात कोणी कोणाच्या गुडघ्यांची चौकशी करत नाही.

मी मात्र उभा. कीर्तनकारानं नारदाच्या गादीवर उभंच राहायचं, बसायचं नाही — ही रीत! एकोणपन्नास वर्षं पाळली. आज उजवा गुडघा पहिल्या झांजेपासून कुरकुरतोय. पेटीवाले दामले हसताहेत बघा. हसा, दामले, हसा! तुमचं बरंय, तुम्हाला बसून वाजवायचं असतं!

तर प्रश्न ऐका. घरात एक माणूस दुखणं काढतंय. त्याला धरायचं, की त्याला पुजायचं? मोठं काय? — काय म्हणता काकू? दोन्ही? वा! मीसुद्धा हेच म्हणायचो. मागच्या खंडेनवमीपर्यंत अगदी ठासून म्हणायचो.

आज पुराण सांगत नाही, मंडळी. हरिश्चंद्र नाही, श्रावणबाळ नाही. तेवढा जोर राहिलेला नाही. आज माझ्या घरचं सांगतो.

माझी थोरली बहीण आक्का. सत्त्याहत्तर वर्षांची. ऐन तारुण्यात कपाळाचं कुंकू गेलं, तेव्हापासून आमच्याकडेच, वाठारला. मला वाढवलं तिनं. माझ्या बायकोचं बाळंतपण केलं, तिच्या आजारपणात तिला शेवटचं पाणी पाजलं तिनं. आणि मग लागला संधिवात! बोटं वाकडी झाली, गुडघे सुजले. सकाळी उठली की अर्धा तास हातांची मूठ उघडायची नाही. पण बाईचा हट्ट बघा — देवाची फुलं मीच वेचणार! परसात प्राजक्त आहे. भिंत धरत, दार धरत, तोंडानं देवाला शिव्या देत प्राजक्तापर्यंत जायची. हो, शिव्या! भक्तांना तेवढी सवलत असते.

आमची सूनबाई मृणाल. ती एके दिवशी वॉकर घेऊन आली. तो चार पायांचा ॲल्युमिनियमचा असतो ना, तो. आक्का भडकली! म्हणाली, "मी काय म्हातारी झाले?" मृणाल म्हणाली, "नाही आत्या, पण प्राजक्त लांब गेलाय." आक्कानं परसाकडं बघितलं आणि वॉकर जवळ ओढून घेतला.

आणि सूनबाईंनी काय काय केलं, ऐका. आक्काची मूठ पुरती वळत नाही म्हणून वॉकरच्या मुठींना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. पाय अडकू नये म्हणून वाटेतलं पायपुसणं काढलं. संडासात उंच बैठक आणली. रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं एकेक करून उघडायची. आणि मी? मी बाहेर बसून सेवाधर्मावर कीर्तन बसवत होतो!

महिनाभरात आक्का त्या वॉकरला 'घोडा' म्हणायला लागली. मला हाक मारायची, "मोरू, माझा घोडा आण!" टक् टक् टक्, चालली परसात. टोपलीभर प्राजक्त. तिनं एक ओळ रचली होती, फुलं वेचताना म्हणायची —

*धरितो तो देव बाई, पुजितो तो पाहुणा*

मी म्हणालो, "आक्का, अर्थ काही बरोबर नाही. पुजणारा पाहुणा कसा?" ती म्हणाली, "कळेल तुला." एवढंच.

आली नवमी. खंडेनवमी म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, ज्याच्यावर आपलं पोट चालतं, हात चालतो, त्या हत्याराची पूजा. धुवायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि मुख्य नेम — एकदा पूजेत मांडलं की उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही! दुसऱ्या दिवसापर्यंत हातात घ्यायचं नाही! सुताराची करवत बंद, शिंप्याचं यंत्र बंद.

मी चौरंग मांडला. वीणा, चिपळ्या, झांज, कोयता, विळी. पोरानं स्कूटरची किल्ली ठेवली. आणि माझ्या मनात काय आलं! म्हटलं, आक्काचं खरं हत्यार कोणतं? घोडा! उचलला, पुसला, मधोमध उभा केला, मोठ्ठा हार घातला. डोळ्यात पाणी आलं हो माझ्या! स्वतःच्याच भक्तीचं कौतुक वाटून!

मृणाल म्हणाली, "बाबा, तो नका मांडू. आत्यांना लागेल."

मी म्हणालो, "एक दिवस! आम्ही आहोत ना सगळे? हाक मारली की उचलून नेऊ."

"पण बाबा —"

"पूजेत मांडलेलं हलवायचं नसतं! एवढं तरी ऐका माझं."

हार सरळ करून आत गेली बिचारी. बुवांपुढं शास्त्र कोण काढणार? आक्का पलंगावरून बघत होती. तिला पण बरं वाटलं असावं. म्हणाली, "छान दिसतोय रे घोडा."

दुपारी पोरगा देवळात गेला, मृणाल शेजारी ओटी भरायला गेली. घरात आम्ही दोघं. मी ओसरीवर. संध्याकाळचं कीर्तन होतं ना! विषय — सांगू? विषय होता सेवा!

आतून हाक आली. "मोरू..."

मी म्हटलं, "आलो आक्का! एवढी ओवी होऊ दे!"

मंडळी, किती लांब असते एक ओवी? आणि माझी एक ओवी एकीवर थांबते का कधी? दुसरी हाक आली नाही. मला वाटलं, झोपली. मी आणखी चार ओव्या घोळवल्या. छान चाल सापडली होती.

मग आवाज आला.

धावलो. न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली होती. कुशीवर. ओरडत नव्हती. म्हणाली, "मोरू, लुगडं खराब झालं रे. मृणालला बोलाव. तू नको बघू." लहानपणी माझं सगळं जिनं धुतलं, ती म्हणते तू नको बघू!

आणि मी काय बघितलं? तिच्या कपाळाला ओलं कुंकू. विधवा बाई, पंचावन्न वर्षं कपाळ मोकळं. कुंकू कुठून आलं? पूजेकडं वळून बघितलं. वॉकरच्या मुठीवरचं कुंकू पुसलं गेलं होतं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट पूजेवरूनच जाते. ती भिंत धरत तिथवर आली. घोडा समोर! हात त्याच्यावर ठेवला!

आणि धरला नाही हो!

नमस्कार केला. बोट कपाळाला लावलं. आणि पुढं गेली, भिंतीच्या आधारानं.

थांबा जरा. दामले, पाणी द्या.

...खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात मी विचारलं, "आक्का, धरला का नाहीस गं?" म्हणाली, "तुझी पूजा मोडली असती." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याला वर्ष झालं. आता सगळं मी करतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, गुडघ्याला शेक, कोमट पाण्यात हात, एकेक बोट उघडायचं. खरं सांगू? थकलो. लोक म्हणतात, बुवा, पुण्य आहे! असेल. पण पुण्यवान माणसाचीसुद्धा कंबर दुखते. कधी मी खेकसतो तिच्यावर. मग ओसरीवर जाऊन बसतो आणि मला माझीच लाज वाटते. ओवी म्हणायला तोंड उघडत नाही.

गेल्या महिन्यापासून व्यायाम शिकवणारी मुलगी घरी येते. परवा आक्का उभी राहिली. घोडा धरून सहा पावलं. सातव्याला रडली. प्राजक्त अजून लांब आहे, मंडळी. पोचेल की नाही, ठाऊक नाही. डॉक्टरही सांगत नाहीत.

आज निघताना मी म्हटलं, "आक्का, उद्या नवमी. घोडा पूजेत मांडणार नाही, काळजी नको."

म्हणाली, "का रे? मांड की. पण मी धरून उभी असताना फूल वाहा. माझा हात त्याच्यावर, तुझं फूल माझ्या हातावर."

बघा! शास्त्र कोणाला कळलं?

आणि मग विचारते, "मोरू, तुला डॉक्टरांनी काठी दिलीय ना? कीर्तनात कुठं असते?"

मी म्हटलं, "पडद्यामागं." आजही ती बघा, तिथं, देवीच्या पडद्यामागं! गाडीतून उतरलो तो काठीनं, आणि तुमची पावलं वाजली तशी लपवली. म्हटलं, बुवा काठी टेकताना दिसला तर गादीचा मान जाईल.

माझं उत्तर ऐकून आक्का म्हणाली होती, "मग वर्षभर तू शिकलास काय?"

मंडळी, तुमच्याही घरात आहे कोणीतरी. वॉकर माळ्यावर आहे, पाहुणे येणार म्हणून काठी दाराआड आहे. उंच बैठक हवी आहे, पण शोभेना म्हणून आणली नाही. आईच्या पाया रोज पडता. त्या पायांना शेक कोण देतं? हाक येते, तेव्हा तुमची कोणती ओवी चाललेली असते? आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका! कोणाची पूजा मोडेल म्हणून आधार सोडू नका. मोडू दे पूजा. पूजा पुन्हा मांडता येते.

दामले, उठा. पडद्यामागची काठी आणा. आणि तुमच्या शेजारचं ते स्टूलही. — अहो, काठीला नमस्कार कसला करताय? हातात द्या!

हां. बसलो.

नारदमुनी, क्षमा करा. आता एकदा सगळे मिळून म्हणा, आक्काची ओळ. मागं ऐकू येतंय ना?