पद्धत बेनची होती

हेतलताई, आशागड-वाणगावहून आलेली मंडळी, तळासरीचे माझे सहकारी. बेनच्या शोकसभेत दोन शब्द बोला, असं मला सांगितलंय. एखादं मशीन खोलून द्यायचं असतं तर सोपं होतं. आज शब्द जुळत नाहीत.

डहाणूच्या बाजारात हसुमतीबेनचं टायपिंगचं दुकान होतं. सगळे म्हणतात, बेन बायोडाटा टाइप करायच्या. माझी एक दुरुस्ती आहे. टाइप नंतर करायच्या. आधी विचारायच्या.

तेव्हा आमच्याकडे रीतच होती. ज्याला नोकरी लागली त्याचा बायोडाटा आणायचा, त्यात आपलं नाव घालायचं. मी मावसभावाचा आणला. नाव बदललं, पत्ता बदलला, जन्मतारीख बदलली. मी बारकाईचा माणूस. तरी 'वाहन परवाना आहे' ही ओळ राहिली. मुलाखतीत साहेब म्हणाले, "छान. बाहेर टेम्पो उभा आहे, जरा मागे घ्या." मला सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. घरी दोन लहान मुली होत्या आणि हातचं काम सुटलेलं.

तो कागद घेऊन बेनकडे गेलो. म्हटलं, एवढी ओळ काढून द्या. बेनने सगळा वाचला.

"आ कोण छे, दिलीपभाई? तुम्ही तर नाही. दहा वर्षं काय केलं?"

"काही नाही. चिकूच्या वाड्यांतले पंप दुरुस्त केले."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"मग ते पहिलं लिहायचं. कुठली वाडी, कुठला पंप, काय बिघडलेलं."

"आणि दहावी नापास?"

"ते पण लिहायचं. लपवलं तर मुलाखतभर तुमचं लक्ष तिकडेच."

मी चिडलो. म्हटलं, "बेन, तुमचं काम टायपिंगचं. सल्ला कोणी मागितला?"

"सल्ला फुकट छे. बसा."

मी बसलो. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्या विचारायच्या, "हे करून दाखवाल?" जे दाखवता येणार नाही ते गेलं. 'छंद: वाचन' गेलं. उरलं एक पान.

तळासरीच्या कारखान्यात साहेबांनी ते पान वाचलं आणि मला थेट बंद पंपापाशी नेलं. पंप सुरू झाला. तिथेच आज मी मेंटेनन्स सुपरवायझर आहे.

मंडळी, पुढचं मी घरातही सांगितलेलं नाही. ते पान मीच लिहिलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. कोणाकडून काही शिकलो नाही, हा माझा अभिमान. पाड्यावरच्या पोरापोरींना मी बायोडाटा शिकवतो. बेनचेच प्रश्न विचारतो आणि म्हणतो, ही माझी पद्धत. तुमच्यातल्या कितीजणांनी ते ऐकलंय.

बेनच्या कानावर गेलंच असणार. एकदा दुकानापुढे भेटल्या. मला वाटलं, आता ऐकवतील. म्हणाल्या, "विवळवेढ्याची मुलगी आली होती. तिचं बायोडाटाचं पान तुम्ही पाहिलेलं ना? सारु, चांगलं होतं. फोन नंबरात एक आकडा कमी होता, तो मी घातला."

एवढंच. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, बेन, पद्धत तुमची. का नाही म्हटलं?

आज म्हणतो. हेतलताई, ती पद्धत तुमच्या आईची. पंप मी माझा शिकलो. स्वतःबद्दल खरं लिहायला मला बेनने शिकवलं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मीही बोलणार नाही.

बेन, नमस्कार.