चौदाव्या पानाची शेवटची ओळ

“हॅलो? … हॅलो, सांगली का? … बाई, सकाळी नऊला कॉल बुक केलाय, आता अकरा वाजत आले … व्हय, पाटणहून. छापखाना पायजे, हळदीच्या बाजारामागचा … हॅलो? कोण, बाळासो? आवं, मी लालासाहेब. पुस्तकवाला … नमस्कार राहू द्या. प्रूफ मिळालं. मिळालं म्हणून तर फोन केला.”

पाटणच्या पोस्टात उभा राहून लालासाहेब ओरडत होता. पोस्टमास्तर नानासोंनी शिक्के मारायचं थांबवून कान दिला होता, आणि त्यांनी नसता दिला तरी ऐकू आलंच असतं. लालासाहेब पंधरा वर्षं फौजेत सॅपर होता. पूल बांधले, सुरुंग लावले. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण पलटणीच्या लायब्ररीत, कोशाची पानं उलटत. पेन्शनीत आल्यावर हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला आणि तिथल्या मास्तरांना येत नव्हतं ते पोरांना सांगू लागला. ‘पृथ्वी कशी झाली’ हे बत्तीस पानांचं पुस्तक त्यानं एकट्यानं लिहिलं होतं. परवा शनिवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ते पोरांच्या हातात पडायचं होतं. आणि काल एस्टीच्या कंडक्टरनं आणून दिलेलं प्रूफ उघडून बघतो तर हे पुस्तक त्याचं नव्हतंच.

“पयलं पान काढा … काढलं? काय लिवलंय? … ‘पृथ्वी कशी आहे’. मी ‘कशी झाली’ लिवलंवतं … तुमी बदललं? का? … झालीच न्हाई? … बरं. तुमच्या जैनांत जग कुणी केलं न्हाई, ते हायच पयल्यापासनं. कळलं. पण मी कुठं म्हणतोय कुणी केलं म्हणून? मीबी तेच … न्हाई, न्हाई, तेच न्हाई. सूर्याभोवतीच्या धुळीचा गोळा झाला, एवढंच म्हणतोय … धूळ कुठनं आली? … बाळासो, धुळीचं मागनं बघू. नाव माझं हाय तसं ठेवा.

“पान तीन. मी साडेचारशे कोटी वर्षं लिवलंवतं. छापलंय चारशे बत्तीस. अठरा कोटी वर्षं गेली कुठं? … कोण बुवा? … कीर्तनवाले. त्येंचं काय काम छापखान्यात? … सप्ताहाची पत्रिका. आन् बसल्या बसल्या माझं प्रूफ वाचलं … ब्रह्मदेवाचा दिवस चारशे बत्तीस कोटीचा असतो. मग? … ‘जुळतंच आलंय, थोडक्यासाठी कशाला ताणायचं’? असं म्हणले? बाळासो, ती काय हळद हाय, भाव पाडून मागायला? दगडाचं वय मोजलंय लोकांनी. दगड.”

त्या छापखान्याची रीतच तशी होती. पुढच्या खोलीत बाक, टेबल आणि टेबलावर तांबड्या शाईची दौत. गिऱ्हाईक यायचं, चहा व्हायचा, आणि चहा येईतोवर समोर पडलेलं कुणाचंही प्रूफ वाचलं जायचं. चूक दिसली की ज्याला दिसली तो टाक उचलायचा. मालक बाळासोला फुकटचा तपासनीस मिळायचा. लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव पडलेलं असं कितीदा तरी ऐनवेळी सापडलं होतं. त्यामुळं आतला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस तांबडं दिसेल ते काही न विचारता लावत होता.

“ऐका, ऐका … पान सात. खाली बारीक अक्षरात टीप. ‘सहा दिवस म्हणजे सहा युगे समजावीत.’ कसले सहा दिवस? मी दिवसाचं नावच काढलं न्हाई … पाद्रीसाहेब. ते नाताळची कार्डं छापायला … सूर्यच चौथ्या दिवशी झाला, म्हंजे पयले तीन दिवस चोवीस तासांचे असणारच न्हाईत. हुशार हायत साहेब. पण ती त्येंच्या पुस्तकाची टीप हाय, माझ्या पुस्तकाला कशाला? … आन् पान आठ? ‘हे पूर्वीच सांगितलेले आहे.’ हे कुणाचं? … मौलवी. आभाळ आन् जमीन आधी एकत्र हुती, मग फाकली, ते त्येंच्यात हायच … दोघं एकाच बाकावर बसलेवते? भांडले न्हाईत? … सहा दिवसांवर एकमत झालं. वा. आन् कीर्तनवाले? … मासा, मग कासव, मग डुक्कर, मग अर्धा माणूस, मग बुटका. म्हंजे दशावतारात सगळं आलंय, मी नवीन कायबी सांगितलं न्हाई.

“बाळासो, तुमाला हसू येतंय. मला न्हाई येत. एकजण जरी म्हणला असता, लालासाहेब, तू लिवलंस ते खोटं हाय, तर मी एस्टी धरून आलो असतो भांडायला. पण सगळे व्हय म्हणत्यात. व्हय, बरोबर हाय, आमच्यात आधीपासनंच हाय. आरं, मग हजार वर्षं गप का बसलावता? दगड कुणी फोडला, इचार कुणी केला, शिव्या कुणी खाल्ल्या, आन् हे आयत्या बिळात … काय बाई? तीन मिनटं झाली? वाढवा. वाढवा म्हणतो ना.”

नानासोंनी टेबलावरचं घड्याळ त्याच्याकडं वळवलं. लालासाहेबानं ते परत फिरवून ठेवलं.

“हे सगळं मी सोसलं असतं बाळासो. बाईंडिंगनंतर ब्लेडनं टिपा खरवडल्या असत्या. पण पान चौदा. शेवटची ओळ. बघा … कुठं हाय? … न्हाईच. तेच म्हणतोय मी. ‘भूकंपात मेलेली माणसं कुणाच्या पापानं मेली नाहीत.’ ही ओळ कुठं गेली?”

पोस्टाच्या पायरीवर त्याची थोरली बहीण बसली होती. राहीबाई. सात वर्षांमागं, सदुसष्टच्या डिसेंबरात, कोयना खोऱ्यात पहाटे भुई हलली तेव्हा तिचा नवरा आणि दोन पोरं भिंतीखाली गेली. ती तेवढी उरली. त्याच्या आठ दिवस आधी तिनं दारातला उंबर तोडला होता. झालं, गावाला कारण मिळालं. तेव्हापासून बारशाला तिला बोलावणं नाही, ती दिसली की बाया लेकरं पदराखाली घेतात. लालासाहेबानं तिला सातशे वेळा समजावलं असेल. ती म्हणायची, तू भाऊ हायस, तू म्हणणारच. छापून येऊ दे, मग मानीन. छापलेलं पोरं मोठ्यानं वाचतात आणि गाव ऐकतं, एवढं तिला ठाऊक होतं. बत्तीस पानं त्यानं त्या एका ओळीसाठी लिहिली होती.

“कुणी खोडली? बुवांनी? … त्येंनी ते पान उलटलंच न्हाई. बरं, पाद्री? … खाली रेघ मारली? म्हंजे आवडली. मौलवी? … बाजूला ‘सही’ लिवलंय, म्हंजे बरोबर. मग तुमी. तुमच्यात कर्माचं लय असतं … नसंल तर नसंल, शपथ कशाला घेता. मग ओळ पाय फुटून गेली का? … कोण? … खिळे लावणाऱ्यानं? त्येनं आपल्या मनानं? … तांबडं नसताना? … बोलवा त्येला. न्हाई, आत्ताच बोलवा. त्येच्या हातात द्या फोन.

“कोण, कृष्णात? काय रं गड्या, तुला ती ओळ … काय? मोठ्यानं बोल … कुठल्या गावचा? … आरं, खोऱ्यातलाच की तू. मग तर तुला … पोरगी? … सहा वर्षांची.”

लालासाहेबानं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

“बोल, ऐकतोय … जोतिबाला नवस. पोरगी जगू दे, माघात पाच ऐतवार अनवाणी डोंगर चढीन … चार खेटे झाले. पाचवा राहिला, बैलाचा पाय मोडला म्हणून. आन् त्याच सालात भिंत पडली … तवापासनं पायात वहाण न्हाई? सात वर्षं? … आरं कृष्णात, ऐक माझं. जमिनीखाली दगडाला चीर असती. ताण साठत जातो, साठत जातो, एक दिवस सुटतो. तिला तुझे खेटे ठाऊक न्हाईत. चार केलेस का पाच, भुईला काय त्येचं … काय म्हणालास? … उगंच?”

साडेचारशे कोटी वर्षांचं उत्तर त्याच्याकडं होतं. धुळीचं होतं, डुकराचं होतं, सहा दिवसांचंही होतं. आपली पोर मग उगंच गेली का, असं एखाद्या बापानं विचारलं तर काय सांगायचं, हे कोशात नव्हतं आणि त्याच्या बत्तीस पानांतही नव्हतं. उत्तर नसलं की लालासाहेब चिडायचा.

“ते मला ठाऊक न्हाई. भिंत का पडली ते सांगितलं, फुडचं मला इचारू नको … आरं, पण तू कोण ओळ काढणारा? पुस्तक माझं हाय. लावतोस का न्हाई? … हात उचलत न्हाई म्हंजे काय? … मालकाला सांगून तुला … ”

राहीबाई पायरीवरून उठून आत आली होती. तिनं हात पुढं केला. लालासाहेबानं रिसीव्हर दिला तो तिनं उलटा धरला. नानासोंनी उठून सरळ करून दिला.

“ऐकू येतंय का रं? … मी राही. लालाची भन … तुझ्या लेकीचं नाव काय? … तानू. चांगलं हाय. माझा थोरला नऊ वर्साचा, धाकटी तिसऱ्यात. आन् त्यांचा बा … व्हय. एकाच भिंतीखाली … तू काढलंस का तुझ्या हातानं? … म्याबी.

“ऐक आता. म्या दारातला उंबर तोडलावता. सावलीनं मिरच्या वाळत न्हवत्या … व्हय, म्याच. समदं गाव म्हनतंय, राहीनं उंबर तोडला आन् भुई हालली. सात वर्सं ऐकतीय. आन् आज तू म्हनतोस, तुझ्या खेट्यानं हालली. आरं बाबा, एकडाव ठरवा. माझ्या उंबरानं हालली असंल, न्हाईतर तुझ्या खेट्यानं. दोघांच्यानं कशी हालंल?

“… रडू नको. न्हाई, मी न्हाई रडत … तुला सोडवत न्हाई, कळतंय मला. पाप हाय तवर निदान धरायला कायतरी हाय. तर तुझं तू ठेव. अनवानी चाल, मी कोन तुला वहाण घाल म्हननारी. पर माझ्यावरचं तेवढं काढ. ती वळ तुझ्यासाठी नकोच लावू. माझ्यासाठी लाव … हाय का तिथं? … कृष्णात?

“… खिळं आनलंस फोनपाशी? … व्हय, पाठ हाय. सांगते, सावकाश सांगते. भूकंपात … मेलेली … लावलंस? … मानसं … कुनाच्या … आं? … कुनाच्या पापानं … मेली न्हाईत.”

“आक्का, मिनटं संपली,” लालासाहेब म्हणाला. “काय म्हणतोय तो?”

“गप रं. बोलत न्हाई. मागं टकटक ऐकाय येतीय … एक … परत एक … खिळंच हायत. लावतोय त्यो … ”

लाईन गेली. नानासोंनी रिसीव्हर घ्यायला हात पुढं केला, पण राहीबाईनं तो कानाचा काढला नाही.