शुअर म्हणजे नक्की काय?

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हा सगळा घोळ सुरू झाला, आणि वर सगळे मलाच विचारतायत, तुम्ही नीट का नाही सांगितलं... अहो, आणखी किती नीट सांगायचं? तुम्हाला सांगते, आमचा चंदन तीन वर्षांचा, इथं कानडी मुलखात, येलहंक्यात बालवाडीत त्याचा पहिला दिवस, आणि त्याला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, संक्रांतीला लाडवाचा कण पोटात गेला तर ओठ असे फुगले की पोर ओळखू येईना. म्हणून मी दारातच मिसला गाठलं. मिस नवीन, अमृता नाव, तिला कानडी येत नाही, आणि माझं हिंदी निपाणीच्या बाजारापुरतं. तरी म्हटलं, "मिस, इसको मूंगफली नको, मुंह सूजता."

मिस हसून म्हणाली, "शुअर."

आता मला सांगा, शुअर म्हणजे नक्की काय? सातवीपर्यंत शिकले मी, सगळ्या पुस्तकांत शूर म्हणजे तलवार घेऊन लढणारा. मला वाटलं, ही माझ्या पोराचं कौतुक करतेय, एवढा शूर मुलगा, शेंगदाण्याला कसला भितोय! दोन्ही हात हलवून म्हटलं, "नाही नाही मिस, शूर नाही, नॉट शूर."

तिनं आठी घातली. "नॉट शुअर?"

"बिलकुल नॉट शूर," मी ठासून सांगितलं.

"ओके ओके," म्हणाली. झालं, मी निश्चिंत, घरी येऊन कुकर लावला.

तासा-दीड तासात फोन. कुणाचा तरी वाढदिवस होता, चिक्की वाटली, चंदनचा ओठ सुजलाय, शेजारच्या दवाखान्यात नेलंय, या. मी तशीच पीठ लागल्या हातानं रिक्षात बसले, पत्ता सांगितला, तर रिक्षावाला मागं वळून विचारतो, "शुअरा, अक्का?" अरे बाबा, माझं पोर तिकडं सुजलंय आणि तू माझं शौर्य विचारतोस? नाही मी शूर, चल तू.

पोचले तोवर डॉक्टरांनी औषध दिलं होतं, सूज उतरत होती, आणि चंदन मिसच्या मांडीवर तिची ओढणी मुठीत धरून झोपला होता. मग मी सुटले. आधी कानडीत, मग हिंदीत, पण खरा राग मराठीतच येतो ना, म्हटलं, "अगं तुला नको म्हणून सांगितलं होतं ना, कान कुठं होते तुझे?"

तर ती रडत रडत म्हणते, "अहो ताई, पण तुम्हीच म्हणालात नॉट शुअर, मला वाटलं तुमचीच खात्री नाही..."

मराठीत. पुण्याची निघाली बया. मी विचारलं, "मग मराठीत का नाही बोललात?"

"मला वाटलं तुम्ही कानडी."

"आणि मला वाटलं तुम्ही दिल्लीकडच्या."

आमची घरमालकीण धनलक्ष्मी अक्का, कंप्युटरवाल्यांना खोल्या देऊन देऊन म्हातारी झाली, ती संध्याकाळी म्हणते, "एकदा शुअर म्हणाले तर हो म्हणायचं गं. शुअर शुअर म्हणाले तर ऐकलंच नाही. शुअरा म्हणाले तर तू खोटं बोलतीस असं त्यांना वाटतंय. आणि नळवाला शुअर म्हणाला तर सरी, बरं म्हणायचं नि दुसरा बघायचा." म्हणजे एवढ्याशा शब्दाची इतकी सोंगं, आणि त्याच्यावर माझ्या पोराचं खाणं ठरणार? मग शुअर म्हणजे नक्की काय, हे लिहिलंय तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी गेले, शुद्ध मराठीत सांगितलं, शेंगदाणा अजिबात नाही. ती म्हणाली, "नाही देणार, ताई."

म्हटलं, "नक्की?"

"शुअर," म्हणाली, आणि तिनंच जीभ चावली.

काय करता? रोज सुटेपर्यंत मी फाटकाबाहेर बसून असते. तुमच्या ओळखीत कुणाचं पोर पहिल्यांदा बालवाडीत जाणार असेल तर एवढं कळवा त्यांना, पोराला काय चालत नाही ते नंतर सांगा, आधी विचारा, बाई गं, तू घरी आईशी कुठल्या भाषेत बोलतेस.