पहिलं 'नको'

तिकडचेच ना तुम्ही, काका? नाही, बोलण्यावरून नाही ओळखलं—मघाशी मी 'सरकू का' म्हटलं, तर तुम्ही सरळ 'हो, सरक' म्हणालात आणि बसलात. आमच्याकडचा माणूस 'असू दे, असू दे' करत गाडी येईपर्यंत उभा राहिला असता. हसू नका हो, इथे माझा जीव टांगणीला लागलाय. देश एकच म्हणायचा, पण तुमच्या गावात मी आठ महिने सुतारकामाला होतो आणि पहिले आठ दिवस बिनचहाचा राहिलो—का? मिस्त्रींनी चहा घेतोस का विचारलं, मी नको म्हटलं. लाजून! आमच्याकडे पहिलं नको कुणी धरतच नाही, कप हातात कोंबतात. तिकडे किटली पुढे गेली. रोज गेली. शेवटी मिस्त्रींची मुलगीच—कारखान्यात मापं तीच लिहायची, कानामागे पेन्सिल—तीच म्हणाली, "अरे खुळ्या, हवं तर हवं म्हण की! आम्हाला काय मनातलं वाचता येतं?" मग शिकलो. पण चहापुरतंच शिकलो, काका.

कारण निघायच्या दिवशी मिस्त्रींनी हातातला रंधा बाजूला ठेवला आणि विचारलं, "इथेच राहतोस का? कारखाना बघ. हिलाही तू पसंत आहेस." ती दारातच उभी. आणि मी काय म्हणालो? "छे छे, मिस्त्री, नको, माझी कुठली एवढी लायकी"—झालं. मला वाटलं, आता म्हणतील, गप रे, लायकी आम्ही ठरवू—मी मान खाली घालून, कान टवकारून उभा. ते म्हणाले, "बरं." नुसतं बरं! आणि रंधा परत सुरू. रागावलेसुद्धा नाहीत हो, रागावले असते तर काही बोलता तरी आलं असतं. तिने माझी पिशवी आणून दिली. तुटका पट्टा शिवलेला होता. तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? पिशवी खांद्याला अडकवली आणि निघालो.

आई म्हणते, बरोबर केलंस, मोठ्यांसमोर लगेच हो म्हणायला आपण काय हावरट आहोत? विचारतील परत. महिना झाला. कोण विचारतंय! परवा मीच फोन लावला—"कशी आहेस?" "बरी आहे." मग म्हणाली, रविवारी मला बघायला येतायत. हे मला सांगायची काय गरज होती तिला? होती ना? मी काय म्हणालो माहितीये? "अरे वा." आज शुक्रवार. दोन दिवस मी याच बाकावर येतोय, तुमच्या गावची गाडी सुटताना बघतो आणि घरी जातो. बोलावलं नसताना कसं जाऊ? कुठल्या तोंडाने? तुम्ही तिकडचे, तुम्ही त्यांना फक्त एवढंच सांगा—त्या पोराला अजून एकदा विचारा. एकदाच. पाया पडतो.

काय? मिस्त्रींचा नंबर? आत्ता लावता? तुम्हीच बोलता त्यांच्याशी? अहो, नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास—

काका. खिशात का ठेवलात फोन?

नाही, म्हणजे, ते नको म्हणजे—गाडी लागली? तुमचीच?

काका, विचारा ना परत.

बरं. बसा तुम्ही. सुटेल गाडी.