साडेसात कोयत्यांचा डीजे

साडेसात

मुनीरभाई : साडेसात काय? इंच?

पंडित : कोयते.

मुनीरभाई : भाई, हे साउंडचं दुकान आहे. कोयत्याला लोहाराकडं जावा.

पंडित : तसं न्हाई. आमची ऊसतोडीची टोळी हाय, नांदूरघाटची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. सात जोड्या, म्हंजी सात कोयते. अन् ह्या आमच्या वैनी, छबुबाई. आमचे धोंडीरामदादा वारल्यापासून एकट्याच तोडतेत. एकट्या माणसाचा अर्धा कोयता.

छबुबाई : मी अर्धी. कुटं बसू?

मुनीरभाई : बसा ना मावशी. त्या बेसच्या खोक्यावर नका, स्टुलावर बसा. सकाळपासून लाईट नाही, पंखा बंद आहे, माफ करा.

पंडित : तर भाई, साडेसात कोयत्यांनी मिळून डीजे घ्यायचा हाय. पयलाच हाय. सव्वा लाखाच्या आत बसवा.

मुनीरभाई : कंट्रोलर घेणार का साधा मिक्सर?

पंडित : दोन्ही. न्हाई, म्हंजी… कोन्ता बरा?

मुनीरभाई : आधी वाजवलंय कधी?

पंडित : बगितलंय. केजला एका वरातीत पोरगं दोन चकत्या फिरवायलं हुतं. एक कान उघडा, एका कानावर हेडफोन. ते चकत्यावालं दाखवा.

मुनीरभाई : तो कंट्रोलर. पण चकत्या फिरवायचे कुणी पैसे देत नाही. लोक छातीत धडधड व्हायचे पैसे देतात. नवीन माणसानं सगळा पैसा बॉक्समध्ये घालावा. साधा मिक्सर, जुना लॅपटॉप, बस.

पंडित : बरं. मग ह्या बॉक्सवर हजार वॅट लिवलंय अन् त्याच्यावर दोन हजार. किंमत तर सारखीच सांगायलेत तुमी. मग दोन हजाराचाच घेऊ की.

मुनीरभाई : तो दोन हजारचा आकडा एका झटक्याचा आहे. रात्रभर चालायचं म्हटलं तर चारशे-पाचशे धरा.

पंडित : अन् हजारवाला?

मुनीरभाई : तोबी चारशे-पाचशे.

पंडित : कावून? असं कसं?

छबुबाई : खरा आकडा कुटं लिवतेत मग?

मुनीरभाई : मागच्या बाजूला. बारीक अक्षरात. कुणीकुणी लिहीतच नाही.

छबुबाई : कारखान्याच्या वजनकाट्यावाणीच हाय की हिकडं बी.

मुनीरभाई : माझी एक बात ऐका. मावशी, तुम्हीबी ऐका. ॲक्टिव्ह बॉक्स घ्या दोन. ॲम्प्लिफायर आतच असतो, जोडाजोडी नाही. दोन बॉक्स, एक मिक्सर, छोट्या हत्ती टेम्पोत टाकला का निघाला. नव्या माणसाला याच्याहून चांगलं काही नाही, आणि पैसेबी उरतील.

पंडित : ॲम्प आतच?

मुनीरभाई : आतच.

पंडित : मग अर्जुनरावांचं काय करायचं?

मुनीरभाई : कोण अर्जुनराव?

पंडित : ॲम्प त्यांचा ठरलाय.

मुनीरभाई : मला काही समजलं नाही.

छबुबाई : टोळीचा ठराव हाय, भाऊ. एका कोयत्याचा एक नग. ज्याचा त्यानं आपल्या घरी ठिवायचा. वरात आली की समद्यांनी आपापला नग घेऊन यायचं.

मुनीरभाई : असं कोण करतं?

छबुबाई : मागं समद्यांनी मिळून पाण्याचं इंजिन घेतलं हुतं. ते अर्जुनरावाच्या ओसरीत ठिवलं. ते त्याच्याच हिरीवर चाललं. आमी इचारलं की म्हणायचा, बिघडलंय. हिरीत पाणी हुतं तवर बिघडलेलंच ऱ्हायलं. पाणी आटलं अन् म्हणाला, घ्या, नीट झालं.

पंडित : म्हणून औंदा नग वाटून घ्यायचे. कुणी एकटा वाजवूच शकत न्हाई.

मुनीरभाई : म्हणजे एका वरातीसाठी सात घरं फिरायची.

पंडित : साडेसात.

मुनीरभाई : आणि एक सांगा, एवढ्या दुष्काळात डीजे लावणार कोण?

पंडित : लई लोकं. टँकरच्या पाण्यावर पाचशे माणूस जेवू घालता येतंय का? पंगतच बंद केली लोकायनं. मग म्हणतेत, निदान वरात तरी वाजू द्या.

छबुबाई : नाचायला पाणी लागत न्हाई.

मुनीरभाई : नाचल्यावर लागतं, मावशी.

सात

मुनीरभाई : बरं, तुमच्या हिशोबानं मांडतो. टॉप दोन, बारीक आवाजाचे. बेस दोन, धडधडीचे. ॲम्प एक. मिक्सर एक. लॅपटॉप एक. किती झाले?

पंडित : सात.

मुनीरभाई : बरोबर सात. कुणाला काय, ते तुमचं तुम्ही बघा.

पंडित : ॲम्प अर्जुनराव. मिक्सर सुंदरराव. टॉप गहिनीनाथ अन् रामकिसन. बेस राधाकिशन अन् मी. लॅपटॉप बायडाबाईच्या घरी.

मुनीरभाई : लॅपटॉप का त्यांच्या घरी?

पंडित : त्यांचा लेक पोलीस भरतीचा अभ्यास करायलाय. एरवी त्याला कामाला येईल.

मुनीरभाई : आणि वरातीच्या दिवशीच त्याचा पेपर असला तर?

पंडित : हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.

मुनीरभाई : दोन्ही बेस एकाच कंपनीचे घ्या हं. आणि किंमत सारखी होणार नाही. बेस महाग, मिक्सर स्वस्त.

पंडित : सारखीच पायजे. समद्यांचा पैसा सारखा हाय.

मुनीरभाई : भाई, सारख्या किमतीचे सात नग घेतले तर सात बेस होतील. वाजणार काहीच नाही.

पंडित : थांबा जरा. डोकं गरगरायलंय. महाग-स्वस्ताचं गावात बघू.

छबुबाई : पंडित.

पंडित : बोला, वैनी.

छबुबाई : सात झाले. माझं?

पंडित : वायरी. समद्या वायरी तुमच्याकडं.

छबुबाई : भाऊ, वायरींचा काय भाव हाय?

मुनीरभाई : वायरी सेटसोबत देतो मावशी. फुकट.

छबुबाई : ऐकलंस का?

पंडित : फुकट आल्या तरी वायरीबिगर वाजत न्हाई, वैनी.

छबुबाई : बाजारात कुटंबी मिळतेत. उद्या अर्जुनराव दुसऱ्या घेऊन येईल, मग मी काय करू, वायरींवर धुणं वाळू घालू?

(पंडितचा फोन वाजतो.)

पंडित : हां, अर्जुनराव… व्हय, दुकानातच हाय… न्हाई, आतमधी असलेला न्हाई घेत, तुमचा ॲम्प बाहीरच हाय… हां… संगच हायेत… न्हाई, अजून न्हाई सांगितलं… बशीत लई गर्दी हुती… सांगतो. सांगतो म्हणलं ना. ठिवा.

छबुबाई : काय न्हाई सांगितलं?

पंडित : काय न्हाई.

छबुबाई : बशीत मांजरसुंब्यापास्नं तू खिडकीबाहीर बगायलास. तवाच मला कळलं, ह्याच्या पोटात काहीतरी हाय.

मुनीरभाई : मी चहा सांगून येतो.

छबुबाई : बसा भाऊ. तुमच्यासमोर बोलू द्या त्याला.

पंडित : टोळीचं म्हणणं असं पडलंय… की नग पुरा असतोय. अर्ध्या नगाला मालक कसा करायचा? म्हणून तुमचे पैसे तुमाला परत. बीडात वैनीला चार जिन्नस घेऊन द्या अन् वाटंत समजावून सांगा, असं म्हणले.

छबुबाई : कोन म्हणलं?

पंडित : समदेच.

छबुबाई : तू बी?

पंडित : मी गप बसलतो.

छबुबाई : टोळी नेणाऱ्या त्रिंबक मुकादमानं मला औंदा तोडीला न्हाई म्हणून सांगितलंय. ठाव हाय ना तुला?

पंडित : हाय.

मुनीरभाई : का बरं नाही म्हणाला?

छबुबाई : पाऊस न्हाई, तर ऊस न्हाई. कारखाना दोन महिने चालला तर चालला. थोड्याच जोड्या न्यायच्यात, मग अर्धा कोयता कशाला नेईल? ही सात घरं दिवाळीनंतर ऊसाला जातील अन् लग्नाच्या दिवसांत येऊन डीजे वाजवतील. मी तोडीला न्हाई, डीजेत न्हाई. शेळ्या इकून पैसे घातलेत मी. माघारी घेऊन त्याला चाटू का?

पंडित : वैनी, दादा असता तर ही येळच आली नसती.

छबुबाई : दादाला मधी आणू नको. तो असता तर कोयता पुरा झाला असता. मी तर तेवढीच ऱ्हायले असते ना?

पंडित : व्हय.

छबुबाई : मग मी अर्धी कवा झाले, ते मला एकदा समजावून सांग.

पंडित : मला नीट सांगता येत न्हाई, वैनी. मला वॅटचंबी समजंना अन् हेबी समजंना.

अर्धा

छबुबाई : भाऊ, कोपऱ्यात ते लांबडं खोकं कशाचं हाय? दोन गोल असलेलं?

मुनीरभाई : डबल बेस आहे तो. एका बॉक्समध्ये दोन स्पीकर. जुना आहे, पण स्पीकर ओरिजिनल.

छबुबाई : दोन्ही सारखेच?

मुनीरभाई : सेम टू सेम.

छबुबाई : पंडितच्या बेसापेक्षा किती महाग?

मुनीरभाई : नवा सिंगल आणि हा जुना डबल. दीडपट धरा.

छबुबाई : दीडपटच ना? मग झालं की. वरचा गोल पंडितचा, खालचा माझा.

पंडित : काय?

छबुबाई : तुझा एक कोयता, माझा अर्धा. दीड.

पंडित : दीड कबूल. पण गोल तर दोनच हायेत. मग तुमचा एक पुरा अन् माझा…

मुनीरभाई : भाई, ते मोजू नका. माझंबी डोकं दुखायला लागेल. पण मावशी, असं कुणी करत नाही. एका बाजूला सिंगल, दुसऱ्या बाजूला डबल? सेट लंगडा होईल.

छबुबाई : लंगडा म्हंजी वाजत न्हाई?

मुनीरभाई : वाजतो. पण दिसायला बरा दिसत नाही.

छबुबाई : वरातीत खोक्याकडं कोन बगतंय?

मुनीरभाई : तसं म्हटलं तर… दोन्ही बेस मधोमध ठेवले तर चालेल. बेस कुठून येतो ते कानाला कळत नाही. टॉपचं कळतं, बेसचं नाही. ॲम्पवर भार येईल थोडा. बघू, जमवू.

पंडित : भाई, तुमीबी? अन् वैनी, ठिवायचं कुणाच्या घरी? ठरावात आपल्या घरी म्हणलंय.

छबुबाई : तुझ्या घरी. माझ्या दारातून ते आत जात न्हाई.

पंडित : मग तुमचं कसं म्हणायचं ते? खोकं एक, घर माझं. अर्जुनराव इचारील, छबुबाईचा अर्धा कुटं हाय ते दाखव.

छबुबाई : तुझ्या बायकोचा, शिवकन्येचा, अन् तुझा मिळून एक कोयता ना?

पंडित : व्हय.

छबुबाई : तिचा अर्धा कुटं हाय, कधी इचारलं कुणी तुला?



मुनीरभाई : चहा सांगतोच आता.

पंडित : अर्जुनराव लई बोलंल मला.

छबुबाई : बोलू दे. इंजिनाच्या वक्ताला आपण समदे गप बसलो. तू परवा बी गप बसलास. एकदा तू बोल, त्याला गप बसू दे.

पंडित : भाई, ते जुनं खोकं गावापत्तूर टिकल ना?

मुनीरभाई : गावापर्यंत काय, तुमच्या पोरांच्या लग्नापर्यंत टिकेल. खाली पाणी लागू देऊ नका.

छबुबाई : पाण्याची काळजी करू नका.

पंडित : हॅलो, अर्जुनराव… पंडित बोलतो. नग ठरले… न्हाई, सात न्हाई, साडेसात… ऐका तर… माझ्या बेसात वैनीचा… जुनाच हाय, दोन गोलाचा… पैसे माघारी न्हाई घेत त्या… कुणाला इचारून म्हंजी? मी इचारलं मला… व्हय, मीच… तुमच्या ॲम्पात तर कुणी वाटा मागंना, मग तुमाला काय अडचण हाय?… हां. बोलवा बैठक. संध्याकाळच्या बशीनं येतो.

छबुबाई : काय म्हणला?

पंडित : फोन ठिवला.

मुनीरभाई : रागात?

पंडित : कळलं न्हाई. नुसता ठिवला.

छबुबाई : भाऊ, खालचा गोल चालतो का न्हाई ते बगायचं हाय. घरी गेल्यावर मेलेला निघाला तर हे समदे म्हणतील, छबुबाईचाच निघाला.

मुनीरभाई : लाईट येईपर्यंत थांबा.

छबुबाई : बस न्हाई थांबत.

मुनीरभाई : थांबा मग, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढतो. पंडितभाई, हे चार स्क्रू खोला. हां. ही वरच्याची वायर, बाजूला करा. ही खालच्याची. मावशी, इकडं या. स्पीकरच्या कागदावर हात ठेवा, मधोमध नाही, कडेला. दाबू नका, नुसता ठेवा. जिवंत असला तर कागद हाताखाली उडेल. सेल लावतो.

पंडित : काय झालं? मला तर काय ऐकू आलं न्हाई.

छबुबाई : हाताला लागलं. अजून एकदा लावा, भाऊ.