ताब्याआधीचे आठ दिवस

अध्यक्षस्थानी बसलेले, आणि मघापासून घड्याळाकडे बघणारे, आपल्या पतपेढीचे चेअरमन मोतीलालशेठ; त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूचे संचालक; ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आज रिटायर होणारे आपले वसुली अधिकारी अभिमन नाना; मायबहिणींनो, सभासदांनो, आणि हप्ता थकलाय म्हणून मागच्या रांगेत तोंड लपवून बसलेल्या भावांनो! असोद्याच्या भागाबाईचा सगळ्यांना नमस्कार.

मला सांगितलंय, दोन मिनिटं बोला. आता दोन मिनिटं तर नावं घेण्यातच गेली. मी चौथी शिकले, ती पण दोन वर्षं घालून, म्हणून कागद आणला नाही. कागद नाही म्हटल्यावर थांबायचं कुठं ते पण माहीत नाही.

तर ऐका. त्र्याण्णव सालचा श्रावण. आमच्या मालकांनी पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढलं होतं आणि गिरणीपेक्षा मोठं घर बांधून ठेवलं. सागवानी दारं, खाली फरशी, आणि संडासात गुलाबी भांडं! ते भांडं बघायला अख्खी गल्ली आली होती. हसता काय? तुमच्याकडं होतं का तेव्हा गुलाबी? मालक गेले, गिरणी बसली, घरावर जप्ती आली. मी म्हटलं, घर नेतात ना, नेऊ द्या. भिंती नेतील! पहार घेतली, दारं काढली, खिडक्या काढल्या, नळ काढले, स्वयंपाकघरातली निम्मी फरशी उकरली. सगळा माल शेजारच्या हसीनाबीच्या शेळ्यांच्या गोठ्यात, कडब्याखाली. हसीनाबी पुढंच बसलीय. तेव्हा मला म्हणते, "भागाबाई, बकऱ्यांना गुलाबी भांड्यात पानी पिण्याची आदत लागली, तर तू देनार का घेऊन?"

ताबा घ्यायला नाना आले. बरोबर दोन पंच. मी मोकळ्या चौकटीत पदर खोचून, पहार हातात घेऊन उभी. मनात म्हटलं, आता ओरडेल, पोलीस बोलवेल. बोलवायलाच हवे होते. कारण त्याच्या आधी मेहरूणच्या एका घरात काय झालं होतं? घरमालकानं जाता जाता दारं नेली, मोरीच्या पाइपात सिमेंट ओतलं. पतपेढीनं वॉचमन ठेवला, तर वॉचमननं पंखे विकले! लिलावाला एकच माणूस आला, तो पण सावलीला. मग मंडळानं ठराव केला : नुकसान सतरा हजार, ते अभिमन पाटलांच्या ग्रॅच्युइटीतून कापावं. घर फोडलं एकानं, विकून खाल्लं दुसऱ्यानं, आणि भरायचं कोणी? सही करणाऱ्यानं!

म्हणजे माझं घर पण तसंच गेलं असतं, तर नानांच्या हातात रिटायर होताना काय राहणार होतं? ही शाल. एवढं डोक्यावर असताना हा माणूस माझं घर आतून-बाहेरून फिरून आला. नाना साक्रीकडचे. ऑफिसात पुस्तकातलं बोलतात, मनातलं असलं की अहिराणी. मला म्हणाले, "आक्का, यंदा कानबाई कोठे बठाडशात?"

माझी पहार खालीच पडली हो! नागपंचमीनंतरचा रविवार चार दिवसांवर. आमचं थोरलं घर. सगळ्या भाऊबंदांची देवी, कानबाई, आमच्याकडंच बसते. साठ माणसं रोट खायला येणार, आणि घराला दार नाही, नळाला तोटी नाही, आणि साठ माणसांना... जाऊ द्या, स्टेजवर मोठी माणसं आहेत.

मी पण ऐकते थोडीच? म्हटलं, "बसवीन तुमच्या पतपेढीत!"

नाना म्हणाले, "बसवा. तिथं निदान दार तरी आहे."

पंच हसले, मी रडले, मग मी पण हसले. नानांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला : आठ दिवस द्या, कानबाई विसर्जन करून किल्ली हातात देते. खाली स्वतः सही केली, की काही कमी निघालं तर जबाबदार मी. तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "पाटील, बाई तुम्हाला विकून खाईल."

साहेब, खरं सांगते, खाल्लंच असतं. पण कानबाई बसायची म्हणजे घर कसं लागतं? हिलाल सुतारानं दोन दिवसांत दारं बसवली. दिरानं फरशी लावली. जावांनी चुना मारला. गुलाबी भांडं शेळ्यांच्या तावडीतून सोडवून आणलं. रविवारी रात्री गाणी, फुगड्या. सोमवारी विसर्जन झालं आणि मी किल्ली नानांच्या हातावर ठेवली. तेव्हा त्या घरात एक खिळा कमी नव्हता. उलट दोन जास्त होते, हिलालनं ठोकलेले! लिलावाला भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी बोली वर वर नेली. कर्ज फिटलं, उरलं ते मला मिळालं, त्यात त्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या.

तेव्हापासून नाना ताब्याआधी मला पुढं पाठवतात. मी एकच विचारते : "बाई, या घरात काय करायचं राहिलंय?" नूर महंमदभाईंच्या घरी मुलीची मेंदी राहिली होती, ती झाली. कुठं बारसं, कुठं श्राद्ध. पाच वर्षांत एकोणीस घरं. दोन फुटली, खोटं नाही बोलणार. सतरा नांदती मिळाली. वॉचमन नाही, पोलीस नाही.

पण मेहरूणचा तो ठराव अजून वहीत जिवंत आहे! उद्या नानांना हिशेब मिळेल, त्यात सतरा हजार नसतील. नाना काही बोलणार नाहीत. नाना, मान खाली घालू नका, फोटो वाईट येईल!

मोतीलालशेठ, तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले. एक सांगा : माणसाच्या अंगावर शाल टाकायची आणि खिशातून पैसे काढायचे, हे तुम्हाला बरं दिसतं का? सगळे संचालक इथंच आहेत. कोरम की काय म्हणतात, तो पुरा आहे. मी मोजला.

बोलवलंत, बोलू दिलंत, उपकार झाले. कमी-जास्त बोलले असेन तर घरचीच बाई समजून पोटात घाला. पण हा माइक मी खाली ठेवत नाही. चेअरमनसाहेबांच्या हातात देते. हार नंतर घालू.

उठा, शेठ.