तोफेचं कुणी इचारलं न्हाई

माझं माहेर सांगलीचं, कृष्णेच्या अंगाला पेठेमागं आमची घरं, बाप हमाल आन् आई हळद निवडायला जायची, बारा म्हयनं तिचं हात पिवळं, ऐतवारी प्रार्थनेला हात जोडलं तरी पिवळं, आन् कुणी तिला कवा म्हणलं न्हाई की बाई तू ख्रिस्ती, मंग हाताला हळद कशी. हे ध्यानात ठिवा ताई, फुडं लागंल. माझं नाव मार्था ठिवलं. बायबलातली मार्था सारखी चुलीपाशी, भन आपली प्रभूच्या पायाशी बसलीया आन् ही बाई भांडी आपटतीया, तशीच मी बी. नाव ठिवणाऱ्याला आदीच कळलं हुतं जणू.

सासर पलूसच्या अलीकडं. गावाचं नाव लिवू नका, माणसं अजून हायती. घरटी एक पोरगं मिलटरीत, मराठ्यांच्यातलं बी आन् आमच्या वस्तीतलं बी, चावडीपाशी बसलं की गप्पा सगळ्या पलटणीच्या. आन् असल्या गावात माझं सासरं पाळक, म्हंजी पाद्री. मामंजी लय शांत माणूस, पर एका गोष्टीला आडून बसायचं. प्रभूनं आपल्या चेल्याला, पेत्राला, तलवार म्यानात घाल म्हणून सांगितलं न्हवं, मंग ती परत भाईर काढ म्हणून कुठं सांगितलंय ते मला दावा, असं ज्याला त्याला इचारायचं. आमच्या देवळात, म्हंजी चर्चला आमी देऊळच म्हणतो, म्हयन्याच्या पहिल्या ऐतवारी प्रभुभोजन. खेड्यात कुठला आलाय पाव, शाळूची भाकरी असायची, आन् ती थापायचं काम पाळकाच्या घरच्या बाईचं, सासूचं झालं आन् मी आल्यावर माझ्याकडं आलं. सकाळी न्हाऊन, डोईवर पदर घिऊन, कुणाशी न बोलता थापायची, मीठ घालायचं न्हाई, जरा करपली तर ती बाजूला ठिवून दुसरी करायची. न बोलता म्हंजी माझ्यासारखीला केवढी शिक्षा बगा. मामंजी ती मोडून एकेकाच्या तळहातावर ठिवायचं.

आमचं मालक, योहान, त्यांचा एकुलता एक. संपत म्हणून पाटील आळीतलं पोरगं, ह्यांचा मैतर, दोघं सातारला बाजाराला म्हणून गेलं आन् भरती हुनच आलं. मामंजींनी जेवण सोडलं. म्हणालं, गवंडी हो, हमाल हो, पर हे नगो. मालक म्हणालं, आबा, वस्तीच्या भाईर मला बरोबरीनं पंगतीला कुठं बसवत्यात ते सांगा, मी तिथं जातो. दोघं तोफखान्यात गेलं, एकाच तोफंवर. पगार यायला लागला आन् त्या पगारातनं देवळावर पत्रं पडलं, आदी गवत हुतं, गळायचं. मंग मामंजी त्याच पत्र्याखाली उभं ऱ्हाऊन सांगायचं, खून करू नको, आन् वर पाऊस वाजायचा. मला हसू यायचं, खरं सांगती, आन् भ्या बी वाटायचं.

लढाईच्या आदी दसरा झाला, एकाहत्तरचा, आन् फुडं दिवाळीच्या टायमाला पोस्टानं फोटो आला. मिलटरीत दसऱ्याला हत्यारांची पूजा असती, तुमाला ठावं असंल. तोफंला झेंडूचा हार, फुडं नारळ, आन् बाजूला आमचं मालक आन् संपत एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून, दोघांच्या बी कपाळाला टिळा. सासूला दिसायचं कमी. तिनं त्यो फोटो येशूच्या तसबिरीशेजारी लावला आन् येईल त्याला ओढून आणायची, माझं लेकरू बगा म्हणायची. कपाळावरचा टिळा तिला फोटोवाल्याचा डाग वाटायचा. पदराचं टोक वलं करून पुसायची, पोराचं तोंड पुसावं तशी पुसायची. मला दिसत हुतं काय ते, पर म्हातारीचा आनंद कशाला मोडा.

थंडीत लढाई लागली. वाण्याच्या दुकानातल्या रेडूभवती बातम्या ऐकाय गडीमाणसं, आन् बायांचं कान सायकलच्या घंटीकडं, कारण तार घिऊन पोस्टमन सायकलवरनं यायचा. काय सांगू तुमाला, सायकल गावात शिरली की सगळ्या बाया दारात. जिच्या दारावरनं सायकल फुडं गेली ती मटकन खाली बसायची, फुडच्या दारातली उभीच. एक दिस सायकल आमच्या वस्तीच्या वाटंला वळली. माझ्या हातात सूप हुतं, सुपातलं जोंधळं कवा सांडलं कळलं न्हाई. त्यानं कडंच्या घरात पत्ता इचारला आन् माघारी फिरला, पाटील आळीकडं गेला. मी म्हणलं, प्रभू, तुजं उपकार. आन् त्येच घटकंला संपतच्या आईची किंकाळी आली. त्या उपकाराची चव अजून माझ्या तोंडात कडू हाय.

मंग तुकारामभाऊ आलं. आमच्या देवळाच्या मंडळीतलं पंच, कायद्याचं माणूस. ह्यांची खुशाली इचारायला आलं हुतं, चा दिला, आन् बशी तोंडाला लावता लावता नजर फोटोवर गेली. बशी खाली ठिवली. म्हणालं, वैनी, टिळा हाय त्यो. सासू म्हणाली, डाग हाय. म्हणालं, टिळा हाय, आन् तोफंला हार हाय, नारळ हाय, मूर्तिपूजा केलीया पोरानं, आन् ती बी लोखंडाची. सासूनं फोटो उतरवून छातीशी धरला. चा तसाच ऱ्हायला, वर साय धरली.

पंच आमच्याच वट्यावर बसलं. ठरलं की योहान जित्ता परत आला, असंच म्हणालं बगा, जित्ता परत आला, तर मंडळीफुडं उभं ऱ्हाऊन टिळ्याची कबुली दील, मगच त्याला भाकरी. मामंजी म्हणालं, आन् तोफंचं? तुकारामभाऊ म्हणालं, तोफंचं काय, ती सरकारी नोकरी, शताधिपती, रोमी शिपायांचा नाईक, प्रभूकडं आला तवा प्रभूनं त्याला नोकरी सोड म्हणलं का? मामंजी म्हणालं, म्हंजी तोफंला हार घातला तर पाप, आन् तोफ डागली तर न्हाई? मी आत चा गाळत हुती, मला कुठं ऱ्हवतंय, मी आतनंच म्हणलं, माझ्या आईचं हात जल्मभर पिवळं हुतं, तवा कुठं गेलं हुतं पंच? तुकारामभाऊ म्हणालं, पाळकबाबा, सुनंला आवरा. मामंजींनी माझ्याकडं बगितलं, पर मला आवरलं न्हाई.

उन्हाळ्यात मालक सुट्टीवर आलं. वाळून काटकी झालेलं. घरी येण्याआदी संपतच्या घरी गेलं. दुसऱ्या दिशी संपतची आई आमच्यात आली, जी बाई आमच्या वस्तीत पाणी घ्यायची न्हाई ती उंबऱ्यावर बसून आमच्या कपातनं चा प्याली. म्हणाली, माझा संपत जाताना काय म्हणला रं? मालक म्हणालं, काय म्हणला न्हाई काकी, तेवढी सवडच नव्हती. मंग म्हणाली, तू तरी दुश्मनाची माणसं पाडलीस न्हवं? मालक खाली बगत ऱ्हायलं. तिला वाटलं लाजतंय पोरगं. तिनं त्यांच्या तोंडावरनं हात फिरवला आन् गेली.

पहिला ऐतवार उजाडला. भाकरी थापताना माझ्या दोन मोडल्या. देऊळ गच्च भरलं हुतं. मामंजींनी भाकरीवरचं फडकं काढलं आन् तुकारामभाऊ उठलं, म्हणालं, आदी कबुली. मालक उठून उभं ऱ्हायलं. म्हणालं, तुकारामकाका, त्यो टिळा संपतच्या अंगठ्यानं लावलाय. मी मागं सरकलो तर म्हणला, आरं गड्या, उद्या कोण ऱ्हातंय कोण न्हाई, मैतराचा हात हाय, घे. मी घेतला. संपत ऱ्हायला न्हाई. त्याच्या अंगठ्याची माफी मी मागणार न्हाई, तुमी काय बी करा.

कुणी तरी मागनं म्हणलं, मंग भाईर काढा. मालक म्हणालं, थांबा, मला बी इचारायचंय. तुमी तोफंचं कुणी इचारलंच न्हाई. आमची तोफ लांब मारती. गोळा कुठं पडला ते आमाला दिसत न्हाई, नुसतं आकडं सांगत्यात आन् आमी चाप वढतो. लढाई थांबल्यावर आमी फुडं गेलो. तिथं एक गाव हुतं, आपल्यासारखंच, शेणानं सारवलेलं. एका घराची भिताडं तेवढी हुती आन् चुलीवर तवा तसाच. आमी न्हाई मारलं तर आमची पोरं मरत हुती, संपत मेलाच की. म्हणून चुकलो म्हणालो तर ते खोटं हुईल. आन् बराबर केलं म्हणालो तर त्यो तवा माझ्या डोळ्याफुडनं हलत न्हाई. आबा, तुमी पाळक हाय. मी काय म्हणू ते सांगा, तसं म्हणतो.

वर पत्रा तापून तडतडत हुता. मामंजी हातात भाकरी घिऊन उभं. इतकी वरसं ज्या माणसानं सगळ्यांना पेत्राची तलवार इचारली त्याच माणसाला आता लेकानं इचारलं हुतं. मंग म्हणालं, योहाना, मला ठावं न्हाई. म्हणालं, हे डोक्यावरचं पत्रं तुज्या तोफंचं, त्याच्या सावलीत बसून मी तुला शिकवत हुतो, मला ठावं न्हाई रं पोरा. तुकारामभाऊ काय बोलाय लागलं तर त्यांना हातानंच गप केलं, खाली आलं आन् भाकरीचा पहिला तुकडा मोडून लेकाफुडं धरला.

मला वाटलं, झालं, सुटलो. पर मालकानं हात फुडं केला न्हाई. म्हणालं, आबा, तुमाला कळलं की द्या. आन् जाऊन दाराच्या पायरीवर बसलं, तोंड भाईर करून. मामंजींनी त्यो तुकडा सोताच्या बी तोंडात घातला न्हाई. माझ्या हातातल्या फडक्यात ठिवला.

आता ह्याला सात-आठ वरसं झाली. मामंजी गेलं. जायच्या आदी मला जवळ बोलावलं, म्हणालं, मार्था, मला कळलं न्हाई गं, पर त्याचा तुकडा ठिवत जा. एवढंच. मालक पेन्शनीत आलं, साखर कारखान्याच्या गेटवर राखणीला लागलं, माजी सैनिक म्हणून बंदूक देत हुतं, ह्यांनी काठी मागून घेतली, हसली लोकं. देवळात दर ऐतवारी येत्यात, भोजनाच्या ऐतवारी पायरीवर बसत्यात. नवीन पाळक एकटं हायती म्हणून भाकरी माझ्याकडंच ऱ्हायली, ते बी ह्यांना समजावून थकलं. फोटो सासूनं परत लावला, जाईस्तवर कुणाला उतरवू दिला न्हाई, अजून तिथंच हाय, कपाळापाशी पुसून पुसून पांढरा पडलाय, टिळा बी गेला आन् ह्यांचं अर्धं कपाळ बी.

आन् माझी मनगटं गेली ताई. थापायला जमंना. एका ऐतवारी मी परातीफुडं रडत बसली, तर हे म्हणालं, सरक, मी करतो, पलटणीच्या सैपाकात, लंगरला शिकलोय. न्हाऊन आलं, डोईला टावेल गुंडाळला, आन् एक शबुद न बोलता थापल्या. माझ्यापरास गोल. तवापासनं सगळी मंडळी ह्यांच्या हातची भाकरी खाती, तुकारामभाऊ बी डोळं मिटून खात्यात. हे तेवढं खात न्हाईत. मी तुकडा फडक्यात ठिवती, घरी आलो की ह्यांच्या फुडं ठिवती. बगत्यात, आन् म्हणत्यात, अजून न्हाई मार्था. मी म्हणती, बरं.

तुमच्या लेकराबाळांना असलं कुणाला काय इचारायची पाळी येऊ ने, एवढंच मी देवाजवळ मागती. जरा आवाज बारीक करा आता. आज पहिला ऐतवार हाय, ते बगा, मालक परात घिऊन बसलं बी.